ओठ न हलवता

९ जानेवारी

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. तू दातांची मोठी डॉक्टर झालीस तरी माझ्यासाठी खारच राहणार. लहानपणी तुझे पुढचे दोन दात दारातून आधी आत यायचे आणि मागून तू.

मी सुखरूप पोचले. चिंगीच्या वाढदिवसाला फार मजा आली. केक जरा जास्तच खाल्ला, पण जावयांना सांगू नकोस, ते मला पुन्हा साखरेच्या आजारावरची कात्रणं पाठवतील.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी तुम्ही बोलक्या बाहुलीवाला बोलावला होता ना, तो मिशीवाला? सगळी मुलं त्याच्या बाहुलीकडे बघत होती आणि मी त्याच्या मिशीकडे. बाहुली बोलली की मिशी हलायची. आणि बघता बघता मला वाटायला लागलं, हे मला जमेल. नुसतं जमेल असं नाही, याच्यापेक्षा बरं जमेल. असं मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल वाटलंय, आणि वाटलं तेव्हा मी गप्प बसले.

तीस वर्षं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून मी लोकांना सांगितलं, की कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली. माझा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आणि तोंड कुणाच्याच नाही. अजून दुकानात मी साबण मागितला की शेजारचा माणूस दचकून पिशव्या उचलतो. ऑगस्टपासून ते काम यंत्र करतं. आवाज गोड आहे त्याचा, पण ते मध्ये श्वासच घेत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यालाच धाप लागते. असो. तेव्हापासून मी घरातली सगळी कपाटं आवरली, मग काही काम उरेना म्हणून विस्कटून पुन्हा आवरली.

तर मी शब्दभ्रम शिकणार आहे. म्हणजे ओठ न हलवता बोलायचं आणि बाहुलीच बोलतेय असं भासवायचं. ग्रंथालयातून पुस्तकही आणलं. अडचण एकच आहे: प, फ, ब, भ, म. आई, आजी, काका, आत्या हे सगळे ओठ न मिटता खुशाल म्हणता येतात. पण 'मामा' म्हटलं की बाहेर 'नाना' येतो. 'बाबा' म्हणायला गेलं की 'दादा' निघतं. तुझे बाबा आणि माझा दादा हा एकच माणूस असल्यामुळे तेवढं खपून जाईल, पण बाकीचे नातेवाईक हरकत घेतील. तू रोज लोकांच्या तोंडात डोकावतेस. काहीतरी उपाय सांग.

आणि दादाला एवढ्यात कळू देऊ नकोस.

लोभ आहेच. तो दातांसारखा सकाळ-संध्याकाळ घासूनपुसून चकचकीत ठेव.

तुझी आत्या


२० जानेवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. (सगळं सविस्तर लिहीत नाही, खुर्चीतला पेशंट भूल चढायची वाट बघतोय.)

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की बाहेर बसलेल्यांना वाटलं, आत कुणाला गुदगुल्या करून दात काढतात. मग दोन पेशंटच्या मध्ये आरशासमोर उभी राहून करून पाहिलं. माझ्या मते ओठांचं काम जिभेवर टाकायला हवं. वरच्या दातांच्या मागे, हिरडी सुरू होते तिथे जीभ टेकव आणि 'द' म्हण, पण मनात ठामपणे 'ब' धर. मी अशी 'बस, बस' करत होते तर माझी मदतनीस आत आली, माझा चेहरा बघितला आणि न विचारता लवंगेचं तेल घेऊन आली.

दोन गोष्टी. एक, तुझ्या वरच्या पुढच्या दातांचा तो जुना पूल, म्हणजे ते बसवलेले दात, फार दिवसांचा सोबती नाही. तू त्याच्यावर जीभ आपटणार असशील तर तो लवकरच निरोप घेईल. एकदा येऊन दाखव. दोन, बाबांना कळलं. मी नाही सांगितलं. चिंगीने आजोबांना फोनवर सांगितलं की आत्याआजी आता बाहुली होणार आहे. बाबा नुसते खाकरले. म्हणजे पत्र येणार.

जावई म्हणतात, त्या केकचं त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

आमच्यावर लोभ ठेव, आणि थोडा दातांवरही.

तुझी,
खार


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद विशेष.

चिंगीकडून जे कळले ते खरे आहे काय? असल्यास पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओष्ठ्य आहेत. ओष्ठ्य म्हणजे ओठांनी उच्चारायचे. मी आयुष्यभर वर्गात व्याकरण शिकवले, आणि ओठांवाचून 'प' म्हणणारा विद्यार्थी मला भेटला नाही. तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस. आजवर चारचौघांत तुझ्याबद्दल कोणी ब्र काढलेला नाही.

गुडघा कसा आहे? रविवारी येतो, समक्ष बोलू. माझ्यासाठी वेगळे काही रांधू नये.

लोभ पूर्वीइतकाच आहे. त्यात सध्या वाढ करण्याचा विचार नाही.

तुझा,
दादा


११ मार्च

चि. खारूस,

आशीर्वाद, आणि जिभेच्या युक्तीबद्दल दोन जास्तीचे आशीर्वाद.

दादा येऊन गेला. भाषण बरंच लांबलं. शेवटी म्हणाला, "लोक हसतील तुला." मी म्हटलं, "हसावेत म्हणूनच तर शिकतेय." त्यावर तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. जाताना गुडघ्यासाठी मलम ठेवून गेला.

आता बातम्या. कोपऱ्यावरच्या सुताराने मला बाहुला करून दिला. डोकं लाकडी, खालचा जबडा दोरीवर. मिशी बुटाच्या ब्रशची आहे. कोट जावयांचा, गेल्या वर्षी आटलेला, तोच कापून शिवला. बाहुल्याला बघताक्षणीच मी 'साहेब' म्हटलं, कारण आमच्या आगारातले साहेब अगदी असेच मान वर करून समोरच्याच्या डोक्यावरून बघायचे. जबडा सुरुवातीला करकरायचा, शिवणयंत्राचं तेल घातलं. खऱ्या साहेबांवरही हा उपाय करायला हवा होता.

सराव सकाळी खिडकीशी. दात अलगद मिटायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मला तसं बघितलं, त्यांना वाटलं मला झटका आला, आणि त्या डॉक्टरांना घेऊनच खाली आल्या. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. मी साहेबांचाही तपासायला लावला.

एवढं हसून घेतलंस ना? आता पुढचं वाच. परवा ग्रंथालयात मुलांसमोर पहिला खेळ केला. साहेबांनी घोषणा करायची आणि ती सगळी चुकीची करायची, असं ठरवलं होतं. पण समोर मुलं बसलेली बघितली आणि माझी दातखीळच बसली. 'प्रवासी' म्हणायचं तर 'त्रवासी' आलं, 'फलाट' म्हणायचं तर 'थलाट'. तेवढ्यावरही हसली असती पोरं, पण पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, आजीचे ओठ हलतायत. मग सगळे पुढे सरकून माझे ओठच बघायला लागले. साहेबांकडे कुणी ढुंकूनही बघेना. मी खेळ अर्धा टाकला नाही, शेवटपर्यंत केला. टाळ्या ग्रंथपालांनी एकट्यांनी वाजवल्या.

घरी आल्यावर साहेबांना कपाटात ठेवलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावलेलंच होतं. मग पेपर आला, वाचायचा तर होताच, म्हणून म्हटलं ओठ मिटून मनात वाचण्यापेक्षा न मिटता मोठ्याने वाचू.

तुझा लोभ असू दे. मुलांचा मी मिळवीन.

तुझी आत्या


८ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. तुझं समजुतीचं पत्र मिळालं होतं, खाऊही मिळाला. उत्तराला उशीर झाला कारण मी शिकवणीला जात होते. कुणाकडे? त्या मिशीवाल्याकडे. जावयांकडून पत्ता घेतला होता, तुला सांगू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यांनी चक्क सांगितलं नाही. माझं त्यांच्याबद्दलचं मत सुधारलंय.

मिशीवाला माणूस सज्जन आहे. एका खोलीत राहतो, भिंतीवर सगळीकडे बाहुल्या टांगलेल्या, चहा द्यायला जागा नाही म्हणून कप एका बाहुलीच्या मांडीवर ठेवतो. म्हणाला, मिशी मी ओठ दिसतील या भीतीने वाढवली, आता ती काढायची भीती वाटते. मला त्याने पूर्ण खेळ करायला लावला आणि ओठांबद्दल एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही साहेबांचं ऐकतच नाही. ते बोलत असताना तुम्ही लोकांकडे बघता, आपले ओठ दिसले का म्हणून. शेजारी बसलेल्या बाईलाच साहेब खरे वाटत नाहीत, तर लोकांना का वाटावेत?"

खारू, मी घरी येईपर्यंत त्याच्यावर विचार करत होते. तेव्हापासून साहेब बोलले की मी त्यांच्याकडे वळून ऐकते. खरंच ऐकते. कधीकधी रागही येतो. प-फ-ब-भ-म बरेच सुधारलेत, 'म' अजून थोडा नाकात जातो, पण साहेबांना सर्दी आहे असं मी सांगून टाकते.

तर आता मोठी बातमी. इथल्या नाट्यगृहात वर्षातून दोनदा नवोदित कलावंतांची संध्याकाळ असते, तिच्या निवडीला मी गेले. दारावरच्या कारकुनाने विचारलं, स्पर्धक कुठे आहे, नातू की नात? मी सुटकेस दाखवली. परीक्षक तिघे होते. मी ऐकत ऐकत खेळ केला, दोनदा हसलेसुद्धा ते. पण मधल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, खेळ अजून कच्चा आहे. मग म्हणाल्या, पण तुमचा आवाज काय आहे हो! संध्याकाळचं सगळं निवेदन तुम्हीच करा. पडद्यामागे बसायचं, माइक समोर असेल, कुठला कलावंत येतोय ते सांगायचं.

मी विचार करून सांगते म्हटलंय. तुला काय वाटतं?

लोभ आहे हे माहीत आहे. मत हवंय.

तुझी आत्या


१७ जून

ती. आत्यास,

सा. न.

यात विचार कसला करायचा? हो म्हणून टाक. अगं, मोठं नाट्यगृह, भरलेलं सभागृह, आणि सगळी संध्याकाळ तुझा आवाज! तुझ्याइतकं ते कुणाला जमणार? कुणी ओठांकडे बघायला नाही, तोंडावर पडायची भीती नाही. सगळ्यांना चालेल असं आहे हे. बाबांना सांगितलं तर ते चक्क "उत्तम" म्हणाले, आणि त्यांनी माझ्या परीक्षांच्या निकालांवरही हा शब्द कधी वापरला नव्हता.

खरं सांगू का, ग्रंथालयातल्या त्या प्रकारानंतर मला तुझी काळजी वाटत होती. या वयात कशाला स्वतःला त्रास करून घ्यायचा? साहेबांना चिंगीसाठी ठेव, ती खूश होईल.

लगेच होकार कळव आणि मग मलाही कळव.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
खार


१ जुलै

चि. खारूस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आवडलं नाही.

त्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मी तीस वर्षं काचेमागे बसून दुसऱ्यांच्या गाड्या लावल्या. आता पडद्यामागे बसून दुसऱ्यांचे खेळ लावायचे, आणि मी त्यात खूश व्हायचं, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत. ते काम चांगलं आहे, आणि मला येतं. पण जे मला येत नाही आणि जे मी शिकतेय, ते मला हवंय.

चष्मेवाल्या बाईंना मी नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुन्हा निवडीला याल का? मी म्हटलं, कच्चं आहे म्हणालात ना, शिजवून आणते. पुढची निवड सप्टेंबरात आहे.

तू मला खोटं धीराचं लिहावंस असं माझं म्हणणं नाही. ओठ हलले तर हलले म्हण. पण हे जमणार नाही असं ठरवायचं झालं तर ते मला ठरवू दे.

रागावलेय, पण फार नाही. चिंगीला गोड पापा. (हे साहेबांनी म्हटलं तर अजून 'ताता' होतं. चालू आहे.)

तुझी आत्या


१४ ऑक्टोबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

आत्या आमच्याकडे आहे, हे तुम्हाला फोनवर कळलंच. फोनवर तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून सविस्तर लिहिते.

सप्टेंबरच्या निवडीत तिचा खेळ घेतला गेला. नोव्हेंबरात नाट्यगृहात आहे. आनंदात तिने चहात न बुडवता टोस्ट खाल्ला आणि मी जानेवारीपासून ज्याची वाट बघत होते ते झालं. पुढच्या दातांचा पूल निखळून बशीत पडला. दुसऱ्या दिवशी ती सुटकेस घेऊन माझ्या दवाखान्यात हजर. सुटकेसमध्ये कपडे कमी आणि साहेब जास्त.

मी तिला नवे दात करून दिले. चांगले झालेत, पण नवे दात म्हणजे तोंडात नवा पाहुणा असतो. जीभ सवयीने जिथे जाऊन टेकायची, तिथे आता वेगळाच उंचवटा. पहिल्या दिवशी तिला 'स' सुद्धा नीट म्हणता येईना, मग 'ब' कुठला. मला वाटलं, आता ही रडणार. मी तसे शब्दही तयार ठेवले होते. ती आरशासमोर बसली, नवे दात बोटाने चाचपले आणि म्हणाली, चला, साहेबांची बदली झाली, नव्या कचेरीत रुळायला वेळ लागायचाच.

बाबा, ती माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून सराव करते. पेशंट बसलेले असतात, त्यांच्यात साहेबही बसलेले. काल एक लहान मुलगी दाढ दुखते म्हणून आली होती. आईच्या मांडीतून मान वर काढायला तयार नव्हती. मी दाराच्या फटीतून बघत होते. साहेबांनी तिला विचारलं, रांगेत तुमचा नंबर कितवा? तिने डोकं वर केलं. मग साहेब म्हणाले की मला आत जायची भीती वाटते, तू आधी जातेस का? ती मुलगी आत्याकडे बघतसुद्धा नव्हती. साहेबांचा हात धरून त्यांना समजावत होती की दुखत नाही. आणि त्यांना दाखवायला म्हणून स्वतः खुर्चीत येऊन बसली.

जूनमध्ये मी आत्याला लिहिलं होतं की हे सोडून दे. तुम्हीही निवेदनाला "उत्तम" म्हणाला होतात. आपण दोघांनी तिचा हा खेळ तोवर पाहिलाच नव्हता. मी आता पाहिला. नोव्हेंबरातल्या खेळाच्या दिवशी नेमकी चिंगीची परीक्षा आहे, त्यामुळे मला जाता येणार नाही. तुम्ही जा. हवं तर मागे बसा आणि तिच्या ओठांकडे बघा. तुम्ही व्याकरण शिकवलंत, चूक सापडली तर तुम्हालाच सापडेल.

लोभ तुम्ही दाखवत नसलात तरी आहे हे आम्ही धरून चालतो.

तुमची,
खार


१५ नोव्हेंबर

चि. खारूस,

खूप खूप आशीर्वाद. बसून लिहितेय, पण आतून अजून उभीच आहे.

खेळ झाला. आता क्रमाने सांगते, नाहीतर मी शेवटच आधी सांगून टाकीन.

माझ्या आधी एक मुलगा तोंडाने ढोल वाजवून गेला, त्याला तुफान टाळ्या पडल्या. मी विंगेत उभी, नव्या दातांवरून जीभ सारखी फिरत होती. पडद्यामागून निवेदन करणारी मुलगी माझं नाव घेताना अडखळली. मला एकदम वाटलं की आत जावं, तिला बाजूला करावं आणि स्वतःच नीट सांगावं. मग मी साहेबांना उचललं आणि उजेडात गेले.

सुरुवात छान झाली. साहेब म्हणाले, सर्व प्रवाशांना कळवण्यात येतं की गाडी आली नाही, पण ती गेली आहे. लोक हसले. साहेब म्हणाले, ज्यांची गाडी चुकली त्यांनी कृपया धावत यावं, आम्हाला बघायला आवडतं. आणखी हसले. मी ऐकत होते, मिशीवाल्याने सांगितलं तसं, आणि नवे दात कधी विसरले ते मला कळलं नाही.

मग जे झालं ते मी बसवलेलं नव्हतं. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका. यंत्र आलंय. यंत्र रजा मागत नाही, पाणी मागत नाही, आणि तुमच्याइतकं जुनं झालेलं नाही."

खारू, ते माझ्याच तोंडून आलं, पण मी ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. मला पुढे काय म्हणायचं तेच सुचेना. तेव्हाही सुचलं नव्हतं. मी नुसती साहेबांकडे बघत राहिले.

आणि मागच्या अंधारातून आवाज आला, "अहो, जरा नीट बोला तिच्याशी."

तो आवाज मी कुठेही ओळखीन. सगळा वर्ग ज्याने गप्प बसतो तो. साहेबांनी हळूच मान वळवली. ती मीच वळवली म्हणा, पण मला तसं वाटलं नाही. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी तिचा मोठा भाऊ."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "अरे वा, मग उभे का? बसा ना. चहा मागवू?"

सभागृह फुटलं गं. लोक खुर्च्यांवर थापा मारत होते. सगळ्यांना वाटलं, दादा आमचाच माणूस, मुद्दाम बसवलेला. त्यानंतर साहेबांनी माझ्याशी इतकं अदबीने बोलायला सुरुवात केली की प्रत्येक वाक्याला हशा. मधूनच दादाच्या दिशेने बघून विचारायचे, असं चालेल ना? ते सगळं तिथल्या तिथे सुचत गेलं. ओठांची आठवण मला घरी आल्यावर झाली.

चष्मेवाल्या बाई आत येऊन भेटल्या. जानेवारीत त्यांच्याकडे आणखी एक कार्यक्रम आहे, त्यात अर्धा तास देते म्हणाल्या. दोन शाळांनीही विचारलं. कारकून विचारत होता की पुढच्या वेळी त्या गृहस्थांचंही नाव फलकावर घालायचं का.

गृहस्थ बाहेर पायऱ्यांशी उभे होते. आम्ही समोरच्या दुकानात चहा प्यायलो. दादा चहा पाणचट आहे म्हणाला, आणि माझी सुटकेस माझ्या दारापर्यंत स्वतः उचलून आणली. दोनदा हात बदलला, पण मला देईना.

तुझे दात पक्के बसलेत. चिंगीला परीक्षेत काय मिळालं ते कळव, आणि लोभ तेवढाच ठेव, दात नवे असले तरी आत्या जुनीच आहे.

तुझी आत्या


१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद, या खेपेस जरा अधिक.

घरी पोचलो. प्रवास ठीक झाला.

मी न कळवता आलो, कारण कळवले असते तर तू पुढे बसवले असतेस. मला दाराजवळ बसायचे होते, मधेच उठून जाता यावे म्हणून. खारूने ओठांकडे पाहण्यास सांगितले होते. पहिली दोन वाक्ये पाहिले. पुढचे पाहायचे राहिले. मी उभा कधी राहिलो हे मला सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंची पिशवी माझ्या पायाने कलंडली आणि त्यांची क्षमा मागायचीही राहून गेली.

चहा पिताना एक विचारायचे होते, ते जमले नाही. आगारातले साहेब तुला खरोखरच तसे बोलले होते काय? तू मला तेव्हा एवढेच सांगितलेस की निरोप समारंभ चांगला झाला आणि घड्याळ दिले. यापुढे असे काही घडले तर मला त्याच दिवशी कळवावे. मी काही करू शकलो नसतो, तरी कळवावे.

जानेवारीतल्या खेळाची तारीख पाठव. रंगमंचाला चढायच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघा सांभाळून चढत जा. त्या दिवशी मी मागे बसणार नाही.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांस माझे यथायोग्य सांगावे. सुतारास, मिशीवाल्या गृहस्थांस आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंस नमस्कार. साहेबांना मात्र काही सांगू नकोस. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तुझा,
दादा